पंचावन्न सेकंदांचा हिशेब

फ्रान्समध्ये कुणाला ‘पुलिदोर’ म्हटलं, तर त्या माणसाचा सायकलशी संबंध असेलच असं नाही. दर निवडणुकीत थोडक्यात पडणारा उमेदवार, पुरस्काराच्या शेवटच्या यादीपर्यंत पोहोचून रिकाम्या हातानं घरी येणारा लेखक, वर्षानुवर्षं लीगमध्ये दुसरा राहणारा फुटबॉल क्लब, हे सगळे आपापल्या क्षेत्रातले पुलिदोर. आडनावाचं सामान्यनाम होण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. या माणसाला तो दुसरं आल्याबद्दल मिळाला.

रेमों पुलिदोर १९६० ते १९७७ अशी अठरा वर्षं व्यावसायिक सायकलपटू होता, आणि सगळी वर्षं मर्सिए या एकाच संघात. टूर द फ्रान्स ही जगातली सर्वांत मोठी सायकल शर्यत तो चौदा वेळा खेळला. त्यात तीनदा दुसरा आला आणि पाचदा तिसरा. आठ वेळा पहिल्या तिघांत येणं हा आजही विक्रम आहे. पण त्यानं टूर एकदाही जिंकली नाही. त्याहून विशेष म्हणजे, आघाडीवरच्या खेळाडूला मिळणारी पिवळी जर्सी त्याच्या अंगावर एक दिवसही चढली नाही.

तरीही त्या काळात फ्रान्समधला सगळ्यात लाडका सायकलपटू कोण, असं विचारलं तर उत्तर पुलिदोर हेच यायचं. पाच वेळा टूर जिंकलेला झाक आंकतील त्याच्या समोर होता, त्याच देशाचा होता, आणि लोक त्याला शिट्ट्या मारायचे. फ्रान्समध्ये शिट्टी म्हणजे हुर्यो.

असं का झालं असावं? ‘लोकांना हरणारे आवडतात’ हे सोपं उत्तर झालं, पण ते पुरेसं नाही. हरणारे ढिगानं असतात आणि बहुतेकांची नावं पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. पुलिदोर नेमका कसा हरला आणि तेव्हाचा फ्रान्स कुठून कुठे चालला होता, या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

निम्म्या वाट्याचं शेत

पुलिदोरचा जन्म १५ एप्रिल १९३६ चा, मध्य फ्रान्समधल्या क्रझ जिल्ह्यातल्या मास्बारो-मेरिन्या या छोट्या गावातला. हा लिमुझँ प्रांताचा भाग. जमीन हलकी, चेस्टनटची झाडं, गुरं, आणि पोटासाठी बाहेर जायची जुनी परंपरा. क्रझचे गवंडी पिढ्यानपिढ्या पॅरिसला जाऊन इमारती बांधायचे आणि हंगाम संपला की गावी परतायचे. कोकणातल्या माणसाला मुंबईचं जे नातं सांगावं लागत नाही, ते क्रझच्या माणसाला पॅरिसचं सांगावं लागत नाही.

पुलिदोरच्या आईवडिलांची स्वतःची जमीन नव्हती. ते दुसऱ्याचं शेत वाट्यानं कसायचे, म्हणजे राबायचं आपण आणि पिकातला वाटा मालकाला द्यायचा. आपल्याकडे याला बटई किंवा अर्धेली म्हणतात. मुलगा चौदाव्या वर्षी शाळा सोडून शेतावर लागला. एका शिक्षकानं त्याला खेळाचं सचित्र नियतकालिक वाचायला दिलं, त्यातून सायकल शर्यतीचं वेड लागलं. दिवसभर शेतात काम आणि उरलेल्या वेळात सायकल. आगगाडीत तो पहिल्यांदा बसला तो सक्तीच्या लष्करी सेवेला जाताना, विशीच्या उंबरठ्यावर. ती सेवा त्याला अल्जीरियापर्यंत घेऊन गेली. तिथे तो ड्रायव्हर होता, वजन बारा किलो वाढलं. परत आल्यावर ते महिन्याभरात उतरवलं आणि पुन्हा शर्यतीला उभा राहिला. एका शर्यतीत दुसरा आला तेव्हा मिळालेलं बक्षीस शेतावरच्या कित्येक वर्षांच्या कमाईहून जास्त होतं. पुढच्या आयुष्याची सुरुवातही दुसऱ्या नंबरनंच झाली म्हणायची.

त्याला संघात घेतलं आंतोनँ मान्ये या व्यवस्थापकानं. मान्येनं १९३१ आणि १९३४ ची टूर जिंकली होती. डोक्यावर बेरे टोपी, अंगात पांढरा कोट, जुन्या वळणाचा कडक माणूस. पुलिदोरबद्दल त्याची तक्रार एकच असायची, की पोरगा स्वप्नात हरवलेला असतो. १९६१ च्या मिलान–सान रेमो शर्यतीत टायर पंक्चर झाल्यावर पुलिदोर शर्यत सोडायच्या बेतात होता. मान्येनं दटावून त्याला पुढे पाठवलं, आणि त्यानं ती शर्यत जिंकली. इटलीतली ही अतिशय प्रतिष्ठेची शर्यत. त्याच वर्षी तो फ्रान्सचा राष्ट्रीय विजेताही झाला. १९६२ मध्ये पहिल्या टूरला उतरला तेव्हा हाताला प्लास्टर होतं. तसाच तीन आठवडे सायकल चालवून तो तिसरा आला. फ्रान्सला नवा हिरो मिळाला होता. एकच अडचण होती. जागा आधीच भरलेली होती.

घड्याळाचा माणूस

आंकतील पुलिदोरपेक्षा दोनच वर्षांनी मोठा. सोनेरी केस, रेखीव चेहरा, सायकलवर बसला की पाठ टेबलासारखी सपाट आणि खांदे स्थिर. टाइम ट्रायलमध्ये त्याला तोड नव्हती. टाइम ट्रायल म्हणजे एकेक खेळाडू काही अंतरानं सुटतो आणि एकटाच घड्याळाविरुद्ध धावतो. आंकतीलचं गणित साधं होतं. टाइम ट्रायलमध्ये मिनिटं कमवायची, डोंगरात ती जपायची, आणि लागतो त्याहून एक सेकंदही जास्त दम खर्च करायचा नाही. १९५७ मध्ये पहिली टूर, मग १९६१, १९६२, १९६३. लोकांना हे गणित कंटाळवाणं वाटायचं. १९५९ मध्ये पॅरिसच्या मैदानात त्याला इतक्या शिट्ट्या मारल्या गेल्या की त्यानं आपल्या बोटीचं नावच ‘५९ च्या शिट्ट्या’ असं ठेवलं. अपमानाचीही नोंद नीट ठेवणारा माणूस होता तो.

१९६४ चा उन्हाळा आला. आंकतीलनं नुकतीच इटलीची मोठी शर्यत जिरो जिंकली होती. पुलिदोरनं त्याच वर्षी स्पेनची व्हुएल्टा जिंकली होती. दोघंही ऐन भरात होते. २२ जूनला रेनपासून टूर सुरू झाली. बावीस टप्पे, ४५०४ किलोमीटर.

टूरचा नियम समजून घ्यायला सोपा आहे. रोज एक टप्पा. प्रत्येकाचा रोजचा वेळ मोजायचा आणि आधीच्या बेरजेत मिळवायचा. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, त्याला पिवळी जर्सी. टप्पा जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून काही सेकंद बेरजेतून वजा करून मिळतात, त्याला बोनस म्हणतात. तीन आठवड्यांनी बेरीज सर्वांत कमी असेल तो विजेता. म्हणजे शेवटी हा एक लांबलचक जमाखर्च आहे.

नोंदवही

सॉफ्टवेअरच्या कामात एखादी यंत्रणा कोसळली की आम्ही नंतर बसून लॉग वाचतो. कोसळण्याच्या क्षणी जे दिसतं ते सहसा कारण नसतं. कारण चार तास आधीच्या एखाद्या निरुपद्रवी ओळीत सापडतं. १९६४ च्या टूरचा लॉगही असाच वाचण्यासारखा आहे.

पहिली नोंद, नववा टप्पा, ब्रियाँसों ते मोनॅको. शेवट एका मैदानातल्या धावपट्टीवर होता. खेळाडूंनी आत शिरून रेषा ओलांडायची आणि अजून एक फेरी मारायची. पुलिदोरनं पहिल्यांदा रेषा आली तेव्हाच जीव तोडून स्प्रिंट मारला, आणि जिंकलो असं समजून वेग कमी केला. एक फेरी बाकी होती. ती फेरी आंकतीलनं जिंकली. बोनस, एक मिनिट.

दुसरी नोंद, चौदावा टप्पा, अँडोरा ते तुलूझ. आदल्या दिवशी विश्रांती होती आणि आंकतीलनं ती एका मेजवानीत भाजलेल्या मटणावर ताव मारत घालवली होती. वर एका ज्योतिषानं वर्तमानपत्रात भाकीत केलं होतं की चौदाव्या टप्प्याच्या आसपास आंकतीलचं काही बरंवाईट होईल, आणि त्याचा आंकतीलच्या मनावर परिणाम झाला होता. सकाळी आंव्हालिराच्या घाटात तो पार ढेपाळला. माथ्यावर पोहोचेपर्यंत पुलिदोर चार मिनिटं पुढे होता. टूर तिथंच संपायला हवी होती. पण उतारावर दाट धुकं होतं आणि आंकतीलनं त्या धुक्यात स्वतःला अक्षरशः झोकून दिलं. समोरच्या गाड्यांचे ब्रेक लाइट पाहून वळणं ओळखत तो खाली आला आणि पुढच्या गटाला गाठलं. मग तुलूझजवळ पुलिदोरच्या चाकाची तार तुटली. सायकल बदलली. घाईघाईत मेकॅनिकनं मागून इतका जोराचा धक्का दिला की पुलिदोर रस्त्यावर आपटला. दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला. सकाळी आंकतीलला चार मिनिटांनी मागे टाकणारा माणूस संध्याकाळी त्याच्याच मागे होता.

दुसऱ्या दिवशी पिरेनीज पर्वतातून पुलिदोरनं ल्युशोंचा टप्पा एकट्यानं जिंकला आणि गेलेल्यातलं बरंच परत मिळवलं. त्यानंतर तिसरी नोंद, सतरावा टप्पा, बायोनची टाइम ट्रायल. पुलिदोर अप्रतिम चालवत होता. टायर पंक्चर झाला. दुसरी सायकल देताना पुन्हा गडबड झाली. त्या टप्प्यात आंकतीलनं त्याला ३७ सेकंदांनी मागे टाकलं आणि पिवळी जर्सी घातली. आता दोघांत ५६ सेकंदांचं अंतर होतं.

पाच टप्पे उरले होते. त्यातला एक ज्वालामुखीवर संपणार होता.

ज्वालामुखी

क्लेर्मों-फेराँ शहराच्या डोक्यावर प्यूइ द दोम हा शांत झालेला ज्वालामुखी उभा आहे. उंची १४६५ मीटर. शेवटचा रस्ता डोंगराभोवती गुंडाळल्यासारखा चढत जातो आणि चढ कुठेच सैल होत नाही. १२ जुलै १९६४ हा रविवार. उन्हाचा कडाका होता, आणि पायथ्यापासून वरपर्यंत दोन्ही कडांना माणसांची भिंत उभी होती.

सर्वांत पुढे दोन स्पॅनिश डोंगरवीर निसटले, हुलिओ हिमेनेझ आणि फेदेरिको बाहामोंतेस. त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. मागून आंकतील आणि पुलिदोर शेजारी शेजारी चढत होते. आंकतील आतल्या बाजूला, डोंगराच्या कडेला. पुलिदोर बाहेरच्या बाजूला, दरीकडे.

नियमानं पाहिलं तर आंकतीलनं पुलिदोरच्या मागे चिकटून राहायला हवं होतं. मागच्याला वाऱ्याचा त्रास कमी होतो, दम वाचतो. पण मागे राहणं म्हणजे दमलोय हे कबूल करणं. म्हणून तो बरोबरीनं चालवत राहिला, चेहरा कोरा ठेवून. दमलेल्या माणसानं खेळलेला हा पोकरचा डाव होता. आणि पुलिदोर थांबून राहिला. आंकतीलच्या पायांत किती उरलंय हे त्याला कळेना. एका वळणावर दोघांची कोपरं एकमेकांवर घासली. त्या क्षणाचा फोटो फ्रेंच खेळाच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध फोटो असावा. दोन माणसं, एकमेकांना खांदा लावलेली, एकही दुसऱ्याकडे बघत नाही.

वर पोहोचायला जेमतेम एक किलोमीटर राहिला आणि आंकतीलचं चाक इंचभर मागे पडलं. मग हातभर, मग सायकलभर. पुलिदोर निघाला. त्या छोट्याशा अंतरात त्यानं ४२ सेकंद कमावले. ५६ वजा ४२. आंकतीलकडे १४ सेकंद उरले.

दोन दिवसांनी, १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २७.५ किलोमीटरची शेवटची टाइम ट्रायल झाली. आंकतीलनं ती जिंकली, पुलिदोरहून २१ सेकंद आधी. वर विजेत्याचा २० सेकंदांचा बोनस. चौदा, एकवीस आणि वीस. पंचावन्न.

आंकतीलचा एकूण वेळ १२७ तास ९ मिनिटं ४४ सेकंद. त्या सगळ्या वेळात ५५ सेकंद म्हणजे ०.०१२ टक्के. मोनॅकोच्या त्या एका फेरीतला बोनस एक मिनिटाचा होता. फोटो ज्वालामुखीवरचा आहे म्हणून लोकांना वाटतं पुलिदोर तिथं हरला. प्रत्यक्षात ज्वालामुखीवर तो ४२ सेकंद जिंकला होता. टूर हरली होती एका विसरलेल्या फेरीत, एका तुटलेल्या तारेत, मेकॅनिकच्या जास्तीच्या जोरात.

दोन फ्रान्स

हा हिशेब तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होता. वर्तमानपत्रांत रोज छापून येत होता. तरीही त्यातून लोकांनी काढलेला अर्थ हिशेबापेक्षा फार मोठा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधला साधारण दर तिसरा कामकरी माणूस शेतीवर होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हे प्रमाण दहात एक इतकं खाली आलं. एका पिढीत देशाचा चेहराच बदलला. ट्रॅक्टर आले, बांध मोडून शेतं मोठी केली गेली, तरुण पोरं शहरांभोवती उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या वसाहतींत राहायला गेली. घरात फ्रिज आला, गाडी आली, टीव्ही आला. पगार वाढत होते. या भरभराटीला पुढे ‘तीस वैभवशाली वर्षं’ असं नाव पडलं. पण वैभव आलं म्हणून माणूस आतून स्थलांतरित होतोच असं नाही. रेनोच्या कारखान्यात मोटारी जोडणाऱ्या कित्येकांच्या हातांना अजून गावच्या मातीची सवय होती.

अशा देशात दोन माणसं एकमेकांसमोर उभी राहिली. एक आंकतील: मोजूनमापून, कार्यक्षम, देखणा, श्रीमंतीची आवड असलेला, पुढे मोठ्या वाड्यात राहायला गेलेला. नव्या फ्रान्सला आपण जसे व्हावंसं वाटत होतं, तसा. दुसरा पुलिदोर: उन्हानं रापलेला, गावाकडच्या उच्चारात बोलणारा, तक्रार न करणारा, कष्टाच्या प्रमाणात फळ न मिळालेला. जुन्या फ्रान्सला आपण जसे आहोत असं वाटत होतं, तसा. लोकांनी त्याला ‘पुपू’ असं लाडाचं नाव दिलं. आंकतीलला असं नाव कधी मिळालं नाही.

यातली गंमत अशी, की आंकतीलही खेड्यातलाच होता. नॉर्मंडीतल्या कँकाँप्वा गावात त्याचे वडील स्ट्रॉबेरी पिकवायचे. तो स्वतः लेथवर काम शिकला होता. दोन्ही घरं मातीत राबणारी. फरक इतकाच की आंकतीलनं ती माती झटकली आणि झटकली हे लपवलंही नाही. शहराकडे गेलेल्या लाखो लोकांनीही तेच केलं होतं, आणि कदाचित म्हणूनच त्यांना त्याच्याकडे बघवत नसावं. आपण स्वतः जी निवड केली ती करणारा माणूस समोर दिसला की प्रेम येतंच असं नाही. मागे सोडून आलेल्याबद्दल मात्र गळा दाटतो. पुलिदोरसाठी वाजणाऱ्या टाळ्यांत स्वतःच्या गावासाठीचं थोडं अपराधीपण मिसळलेलं होतं, असं मला वाटतं.

टूरचं स्वरूपही याला पोषक होतं. ही शर्यत बघायला तिकीट लागत नाही. ती आपल्या दारावरून जाते. शेताच्या बांधावर खुर्ची टाकून, ट्रान्झिस्टर कानाशी लावून वाट पाहायची, आणि दोन मिनिटांत सगळा जथा निघून जातो. त्या दोन मिनिटांत ओळखीचा चेहरा दिसला तर तो वर्षभर पुरतो.

दुसऱ्या नंबरची कमाई

आता गोष्टीचा थोडा अवघड भाग. हरणाऱ्या गरीब शेतकऱ्याच्या पोराची ही करुण कहाणी आहे, असं समजायला पुलिदोर स्वतःच आडवा येतो.

त्या काळी टूर संपली की गावोगावी छोट्या प्रदर्शनी शर्यती व्हायच्या. लोक तिकीट काढून यायचे, आणि आयोजक प्रसिद्ध खेळाडूंना हजेरीचे पैसे द्यायचे. सायकलपटूंची खरी कमाई त्यात होती. पुलिदोरला त्यात उत्तम भाव होता. दुर्दैव जितकं वाढत गेलं, तितकं प्रेम वाढलं आणि तितके पैसेही, हे तो स्वतः मोकळेपणानं मान्य करायचा. अर्धेलीच्या शेतावरून आलेल्या माणसाला या हिशेबात न समजण्यासारखं काही नव्हतं. तो काटकसरी होता, पैसा जपला, आणि शेवटपर्यंत सँ-लेओनार-द-नोब्ला या आपल्याच भागातल्या गावात राहिला.

मग प्रश्न पडतो. त्याला जिंकायचंच नव्हतं का? टीकाकार तेव्हाही म्हणायचे, की त्याच्यात ती धग नाही, तो समाधानी आहे. १९६५ मध्ये आंकतील टूरला आलाच नाही, रस्ता मोकळा होता, आणि बावीस वर्षांचा नवखा इटालियन फेलिचे जिमोंदी जिंकून गेला. पुलिदोर दुसरा. १९६६ मध्ये आंकतीलला स्वतः जिंकता येईना, तेव्हा त्यानं आपली ताकद संघातल्या ल्युसियँ एमारच्या मागे उभी केली. एमार जिंकला, पुलिदोर तिसरा. १९६७ मध्ये स्वतःची संधी हुकल्यावर तो रोजे पँजोंसाठी राबला आणि पँजों जिंकला. १९६६ च्या टूरमध्ये बोर्दोला पहिल्यांदा उत्तेजक चाचणी झाली, तेव्हा चाचणी देणारा पहिला खेळाडू पुलिदोर होता. तो निमूटपणे तयार झाला. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी सायकलवरून उतरून, पायी चालत त्या चाचण्यांचा निषेध केला. हा स्वभाव भांडणाऱ्याचा नव्हे.

तरी समाधानी माणूस १९६८ मध्ये मोटरसायकलनं उडवल्यावर, नाक मोडलेलं असताना, रक्तबंबाळ चेहऱ्यानं तो टप्पा पुरा करत नाही. आणि १९७२ च्या पॅरिस–नीस शर्यतीत जे झालं ते तर मुळीच करत नाही. समोर होता बेल्जियमचा एडी मर्क्स, सर्वकालीन सर्वोत्तम मानला जाणारा, ऐन भरात. शेवटच्या दिवशी एझच्या घाटात टाइम ट्रायल होती आणि मर्क्स १६ सेकंदांनी पुढे होता. छत्तिशीला टेकलेल्या पुलिदोरनं तिथं त्याला २२ सेकंदांनी हरवलं. आठवडाभराची शर्यत सहा सेकंदांनी जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा तीच शर्यत जिंकली.

म्हणजे शेवटच्या दिवशी, घड्याळाविरुद्ध, काही सेकंदांच्या फरकानं जिंकणं त्याला जमत होतं. पण ‘पॅरिस–नीसचे सहा सेकंद’ कुणाच्या लक्षात नाहीत. मिलान–सान रेमो, व्हुएल्टा, फ्लेश वालोन, दोनदा दोफिने, दोनदा पॅरिस–नीस, टूरचे सात टप्पे, एवढं जिंकलेल्या माणसाला जगानं ‘कायमचा दुसरा’ ठरवलं. लोकांना त्याची गरज त्या रूपात होती. आणि एकदा लेबल चिकटलं की त्याच्याशी न जुळणारे पुरावे कुणी वाचत नाही.

रँकवर वाढलेल्या आपल्या पिढीला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. प्रवेश परीक्षेत दोन मार्कांनी शाखा बदलते, शाखेनं नोकरी, नोकरीनं शहर. त्या दोन मार्कांत काय असतं? बहुधा एखादा घाईत वाचलेला प्रश्न. मोनॅकोची एक फेरी. आकडा खरा असतो, पण त्यावरून माणसाचा काढलेला अर्थ खरा असेलच असं नाही. पुलिदोरचं वेगळेपण हे, की तो आकड्याशी भांडत बसला नाही आणि आकड्याखाली दबलाही नाही. पुढच्या उन्हाळ्यात परत आला. १९७४ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, मर्क्सनंतर दुसरा. १९७६ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, तिसरा. आंकतील, मर्क्स, दोघांच्याही राजवटी आल्या नि गेल्या. पोडियमच्या खालच्या पायरीवर हा होताच.

पिवळा रंग

निवृत्तीनंतर आंकतील आणि पुलिदोर मित्र झाले. आंकतीलला पोटाचा कर्करोग झाला. १९८७ मध्ये तो गेला, जेमतेम त्रेपन्न वर्षांचा. पुलिदोर नंतर सांगायचा, की शेवटच्या दिवसांत आंकतील त्याला म्हणाला होता, या दुखण्यात दर तासाला प्यूइ द दोम चढल्यासारखं वाटतं. आणि मित्रा, याही वेळी तू माझ्यानंतरच येणार. अशा विनोदावर हसायचं कसं ते दोघांनाच ठाऊक. वेदना सांगायलासुद्धा आंकतीलला तोच डोंगर आठवला.

त्यानंतर बत्तीस वर्षं पुलिदोर जगला. दर जुलैला टूरबरोबर फिरायचा, सह्या द्यायचा, पुस्तकं विकायचा, लोकांशी गप्पा मारायचा. बरीच वर्षं तो पिवळ्या जर्सीच्या प्रायोजक बँकेचा पाहुणा-प्रतिनिधी होता. म्हणून अंगात पिवळा शर्ट असायचा. स्पर्धेत एकही दिवस न मिळालेला रंग त्यानं म्हातारपणी असा कित्येक उन्हाळे घातला, आणि त्यावरचे विनोद स्वतःच आधी करून टाकले. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी, सँ-लेओनारमध्येच, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी तो गेला.

त्याच्या मुलीनं डच सायकलपटू आद्री व्हान डर पूल याच्याशी लग्न केलं होतं. जावयानं १९८४ मध्ये एक दिवस पिवळी जर्सी घातली होती. नातू माथ्यू व्हान डर पूल २०२१ मध्ये पहिल्यांदा टूरला आला, आजोबा गेल्यानंतर दीड वर्षानं. सुरुवातीला त्याच्या संघानं मर्सिएच्या जुन्या जांभळ्या-पिवळ्या रंगाची आठवण करून देणारे कपडे घातले. दुसरा टप्पा म्यूर-द-ब्रताञच्या चढावर संपत होता आणि तो चढ दोनदा चढायचा होता. बहुतेक जण शेवटच्या चढासाठी दम राखून होते. माथ्यू पहिल्याच चढावर सुटला, कारण तिथे माथ्यावर आठ बोनस सेकंद होते. मग दुसऱ्या वेळी पुन्हा सुटला आणि टप्पा जिंकला. तिथले बोनस सेकंदही मिळाले. बेरीज केली तेव्हा तो आठ सेकंदांनी पहिला होता. आजोबांनी एक फेरी मोजायची राहिली म्हणून बोनस घालवला होता. नातवानं एकाच चढाच्या दोन्ही फेऱ्या बरोबर मोजल्या. रेषा ओलांडताना त्यानं बोट आभाळाकडे केलं, आणि नंतर बोलताना त्याला रडू आवरलं नाही. पिवळी जर्सी त्याच्याकडे सहा दिवस राहिली.

९ जुलै २०२३ रोजी टूर पस्तीस वर्षांनी प्यूइ द दोमवर परतली. त्या दिवशी टप्प्याची सुरुवात ठेवली होती सँ-लेओनार-द-नोब्लातून, पुलिदोरच्या गावातून. माथ्यू त्या जथ्यात होता. आता तो डोंगर संरक्षित आहे, म्हणून शेवटच्या काही किलोमीटरवर प्रेक्षकांना परवानगी नव्हती. जिथं १९६४ मध्ये माणसांची भिंत होती, तिथं खेळाडू जवळजवळ शांततेत चढले. फक्त चेनचा आवाज, श्वास, आणि वर हेलिकॉप्टर. पुलिदोरसाठी घसा फोडणारी ती माणसं आणि त्यांच्या मनातलं ते गाव, दोन्ही आता नाहीत. रस्ता तोच आहे. आतल्या बाजूला डोंगर, बाहेरच्या बाजूला दरी.